एका पायाची चप्पल

काकांचे नवे बूट जिन्यावरूनच ऐकू आले. डावा करकरत होता, उजवा नव्हता. थोरलीनं टेबलावरची चप्पल ओल्या फडक्यात गुंडाळली आणि खणात सरकवली. लपवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. पण काका त्या चपलेसाठीच येत होते, आणि तिला ती संध्याकाळी सहापर्यंत हवी होती.

सहाला चित्रपटाचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सिंगवाल्याचा फोन येणार होता. आठवडाभर तो सबुरीनं बोलला होता, आज सकाळी मात्र त्यानं एका दमात सांगून टाकलं. "सगळा चित्रपट बांधून झालाय. तेवढा एक तुकडा अडलाय. तुमच्या वडिलांचा श्वास येतोय हो त्यात, चांगला ठळक. पावलांना चिकटून बसलाय, मला सोडवता येईना. पावलं नव्यानं करून द्या, नाहीतर मी आमच्याकडची तयार पावलं लावतो. सहाच्या पुढे थांबणं माझ्या हातात नाही."

तयार पावलं! हे ऐकून बाबांनी फोन न ठेवताच चष्मा काढून पुसला असता. फार राग आला की ते तेवढंच करत.

चाळीस वर्षं बाबा या खोलीत दुसऱ्यांची पावलं चालले. पडद्यावर कुणी जिना चढू लागलं की खालच्या अंधारात बाबा जागच्या जागी चढायचे. कुणी रागानं पेला आपटला की बाबा पेला आपटायचे. चित्रीकरणात असले आवाज धड येत नाहीत, ते नंतर करून भरावे लागतात. घरात या कामाला नीटसं नाव नव्हतं. आत्यानं भावाला 'पावलंवाला' ठरवून टाकलं होतं आणि बाबांनाही ते पसंत होतं. खोलीच्या जमिनीत चौकोनी खळगे होते. एकात खडी, एकात वाळू, एकात फरशी, एकात जाड फळ्या. भिंतींना रजया ठोकलेल्या. मांडणीवर पादत्राणांचे ब्याण्णव जोड, आणि गेले सहा महिने ती एका पायाची चप्पल.

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. सोळा वर्षं थोरली त्यांच्या हाताखाली राबली होती. त्यांनी अर्धवट ठेवलेलं तिनं एकेक करून पुरं केलं होतं. उरली होती ती चाळीस सेकंदं. अकरा दिवस ती चप्पल हातात घालून, पायात घालून, भिजवून, सुकवून बघत होती. बाबांच्या पावलांसारखं पाऊल काही वाजत नव्हतं.

"आहेस ना गं आत?" काकांनी दार ढकललं. मागोमाग आई, आणि आईच्या मागे धाकटा.

"बूट बाहेर," थोरली म्हणाली.

"अगं, नवे आहेत."

"म्हणूनच म्हणतेय. डावा बोलतो तुमचा."

काका हसले, बूट काढून मोज्यांनी आत आले. काखेत तपकिरी कागदात बांधलेलं काहीतरी चौकोनी होतं. काका पाट्या रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हाताखालून गेली होती. छापील पाट्या आल्यावर धंदा बसला, पण बोटांच्या पेरांतला रंग गेला नव्हता.

"उद्या सकाळी चित्रपटवाल्यांचा माणूस येतोय," ते खुर्ची ओढत म्हणाले. "थेटराच्या दारात काचेची पेटी करणार आहेत. बोटीवरून वाचलेल्या वस्तू. एक घड्याळ मिळालंय त्यांना, एक ट्रंक मिळालीय. आणि आपली चप्पल. मी शब्द दिलाय."

"आत्याला विचारलंत?"

"वहिनींना विचारलं."

थोरलीनं आईकडे पाहिलं. आईनं पदर सारखा केला. "मी म्हटलं, चांगलंच आहे की. यांचं शेवटचं काम आहे हा चित्रपट. चार लोक पेटीपाशी थांबतील, घराचं नाव निघेल."

"आणि आत्या नाही म्हणाली तर?" धाकट्यानं विचारलं.

"म्हणूनच आधी न्यायला आलोय," काका म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

त्या घरात माणसांचे दोन ढीग होते. बोटीतले, आणि बोटीनंतरचे. सहासष्ट वर्षांपूर्वी, भर दुपारी, धक्का हाकेच्या अंतरावर असताना प्रवासी बोट एका अंगाला कलंडली आणि बघता बघता गेली. आजी तिच्यातच राहिली. घरात तिची म्हणून आली ती एवढी एक चप्पल. जाण्याआधी तिनं नऊ वर्षांची लेक आणि दोन वर्षांचा लेक मदतीला आलेल्या मचव्यातल्या एका खलाशाच्या हवाली केले. ती लेक म्हणजे आत्या, तो लेक म्हणजे बाबा. काका आजोबांच्या पुढच्या लग्नाचे. बोट बुडाल्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेले. लहानपणापासून त्यांना त्या गोष्टीच्या दारात उभं राहावं लागलं होतं, आत कुणी बोलावलं नव्हतं. दोघं बहीणभाऊ कधी नुसते एकमेकांकडे बघायचे आणि काका विचारायचे, "काय झालं?" तर आत्या म्हणायची, "काही नाही रे, तू नव्हतास तेव्हा."

म्हणून चित्रपटवाले गावात आले तेव्हा काकाच पुढे झाले. जुने फोटो त्यांनी दिले, बोटीची पाटी त्यांनी जुन्या वळणाच्या अक्षरांत रंगवून दिली.

चित्रपटातली बोट मात्र प्रेमासाठी बुडत होती. स्वतःच्या साखरपुड्याला निघालेली एक मुलगी आणि बोटीवर सामानाच्या चिठ्ठ्या लिहिणारा एक तरुण, अशी ती गोष्ट. सुरुवातीचा अर्धा तुकडा पाहून आत्या म्हणाली होती, "बोट जायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात यांनी तीन गाणी कुठे उरकली?" आजी त्या चित्रपटात चाळीस सेकंद होती. कललेल्या डेकवरून कडेवर एक मूल आणि हाताला एक मुलगी घेऊन एक बाई पळत येते आणि दोन्ही मुलं नायकाच्या हातात देते. ते बघून नायिका ठरवते की आपणही आता याला सोडून जायचं नाही. म्हणजे आजी होती ती त्या दोघांचं जमवायला.

"काढ ना ती चप्पल," काका म्हणाले.

"संध्याकाळी देते. मला काम आहे तिचं." आणि मग तिनं श्वासाचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग राहू दे ना!" धाकटा म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरात मात्र पटकन भरून यायचा. "ताई, बाबांचा श्वास आहे तो. थेटरात हजार माणसं ऐकतील. यापेक्षा मोठं काय हवं? तू पुसणार तो?"

"मलाही वाटतं राहू द्यावा," काका म्हणाले. "कोणाला कळतंय? वाटेल की त्या बाईचाच आहे."

"अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाचा श्वास तीस वर्षांच्या बाईला?"

"पाण्याचा एवढा आवाज असतो. झाकून जाईल."

"झाकला असता तर तो मिक्सिंगवाला ओरडला असता का?" थोरली म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी शेवटच्या शब्दाला तो हललाच. बाबांचं एकच म्हणणं असे. आपण ऐकू आलो की काम फसलं. बघणाऱ्याला त्या बाईचे पाय ऐकू यायला हवेत, आपण नाही. हे त्यांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि सोळा वर्षांत दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ दिली नव्हती. आता तोच नियम तिला त्यांच्यावर चालवायचा होता.

"ऐकव तरी," आई म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हलकी, सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवणारी. सगळ्यांनी ओळखली. काका उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

आत्या दारात थांबली. पंचाहत्तरीची, काडीसारखी, कापडी पिशवी हाताला अडकवलेली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं तारा जोडून तिचा डावा कान जरा जड झाला होता. उजव्या कानानं ती अजून भिंतीपलीकडचं ऐकायची.

"वा! अख्खं बिऱ्हाड जमलंय. बाहेरचे बूट कुणाचे? नवरदेव कोण?"

"माझे, अक्का," काका म्हणाले.

"तरीच. ती काखेत काय पाटी?"

काकांनी पुडकं मागे सारलं, मग काय वाटलं कोण जाणे, दोरी सोडून सरळ तिच्यासमोर धरलं. पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं, कडेला बारीक निळी रेघ. काकांचं सगळ्यात चांगलं अक्षर होतं ते. 'आमच्या आईची चप्पल.'

आत्यानं ती पाटी वाचली. पुन्हा वाचली. "तुझी आई घरी होती रे," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आईच्या चपला दोन्ही जागेवर होत्या."

काकांचा चेहरा उतरला. आईला ते बघवलं नाही. "अक्का, असं नका बोलू. मनापासून केलंय त्यांनी."

"मनापासून केलंय म्हणूनच सांगतेय. चप्पल पेटीत जाणार नाही. भावानं मागितली, मी दिली. भाऊ गेला. आता मी न्यायला आलेय."

"पण का?" काका म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "सहासष्ट वर्षं ट्रंकेत ठेवलीस. मला कधी हात लावू दिला नाहीस. लोकांनी बघितली तर काय जाईल तिचं?"

"जाईल."

"काय?"

आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली. थोरलीनं घड्याळ पाहिलं. पावणेचार. "आत्या, चप्पल तुझीच आहे," ती म्हणाली, "घेऊन जा. पण आधी एक ऐकशील? बाबांनी त्याच चपलेनं आजीची पावलं केलीत आणि मला ती साधत नाहीत. तुझा कान माझ्यापेक्षा बरा आहे. कुठे चुकतं ते सांग."

धाकट्यानं दिवे मालवले. पडद्यावर ती बाई आली. कमरेपासून वरच दिसत होती. विस्कटलेले केस, कडेवर मूल, खाली ओढल्यासारखा उजवा हात. पाय चौकटीबाहेर. थोरलीनं आधी आपली पावलं लावली, मग बाबांची.

बाबांची लागली आणि खोली बदलली. पावलं जड, घाईची, ओल्या फळीवर थपथपणारी. आणि त्यांच्यामागे श्वास. आत जाताना शीळ, बाहेर येताना खरखर. वर्षभर घरातल्या प्रत्येक खोलीत ऐकू येणारा.

दिवे लागले. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आईचे डोळे कोरडे होते.

"काढ तो," आई म्हणाली.

"आई!"

"वर्षभर त्या श्वासाशेजारी झोपलेय मी. रात्री थांबला तर नाही ना, म्हणून जागी राहिलेय. तो माझ्या घरातला आहे. परक्या नटीच्या तोंडी मला तो नको." मग थोरलीकडे वळून, एकदम बारीक आवाजात, "पण टाकून देऊ नकोस हं. मला वेगळा काढून दे."

धाकट्यानं मान हलवली.

आत्या मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. "पुन्हा लाव," ती म्हणाली. "चित्र नको. नुसता आवाज." तिनं उजवा कान पुढे केला. संपल्यावर ती थोरलीला म्हणाली, "तुझं चप्पल घालून आहे. त्याचं अनवाणी आहे."

"अनवाणी?"

"चप्पल टाच आधी टेकते. हे अख्खं पाऊल पडतंय, बोटं फाकून. अनवाणी पळतोय तो." आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून नकळत आल्यासारखं आलं. "बरोबर केलंय त्यानं. आईनं काढून टाकल्या होत्या. दोन्ही. माझ्याही काढायला लावल्या. फळ्यांवर घसरायला होत होतं ना."

आता काका पुढे झुकले. त्यांनी काही विचारायच्या आत आत्यानं डोळे मिटून घेतले होते.

"असेल," काका घाईनं म्हणाले. "काढून टाकल्या, त्यातली एक वाहत किनाऱ्याला आली. तीच ही. त्यात काय?"

थोरलीला काकांचं कौतुक वाटलं. दार उघडून धरावं तसं त्यांनी ते उघडून धरलं होतं. आत्या त्या दारातून सहज निघून जाऊ शकली असती.

"नाही रे," आत्या म्हणाली. "ही तिची नाही."

मग तिनं सांगितलं. सावकाश, एक्सचेंजमध्ये आकडे सांगावेत तसं सुटंसुटं.

"किनाऱ्यावर मोठी ताडपत्री अंथरली होती. पाण्यानं जे जे आणून टाकलं ते तिच्यावर मांडलेलं. छत्र्या, डबे, टोप्या. आमचे वडील तीन दिवस तिथेच. पाण्याकडे पाठ करायला तयार नाहीत. खाणं नाही, पिणं नाही. तुझ्या दादाला शेजारणीनं सांभाळलेलं. तिसऱ्या दिवशी माझा हात धरून त्यांनी मला त्या ताडपत्रीच्या कडेकडेनं फिरवलं. 'बघ, यातलं आईचं काही आहे का.' नव्हतं. सगळं बघितलं, काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. त्यांची नजर पुन्हा पाण्याकडे. मला वाटलं, हे आता मलाही सोडून पाण्यात जाणार. तर मी ती चप्पल दाखवली. 'ही.'"

"मग?" धाकटा कुजबुजला.

"मग ते बसले खाली. चप्पल मांडीवर घेऊन खूप वेळ बसले. आणि उठले, आणि घरी आले, आणि जेवले." आत्यानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "एवढंच हवं होतं मला. ते जेवायला हवे होते. पुढे कधी सांगायचं? कुणाला? ते गेल्यावर याला सांगायला हवं होतं, पण हा म्हातारा झाला तरी ती चप्पल हातात घेऊन बघायचा. आणि ती दुसऱ्या कुणाची तरी होती ना रे. तिची कुणी मुलगी चौथ्या दिवशी त्या ताडपत्रीपाशी आली असेल. तिनं शोधली असेल. ती मी उचलून आणली होती. आता काचेच्या पेटीत ठेवून त्याखाली आईचं नाव? मला नाही जमणार."

काकांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाबांनी चप्पल मागून आणली, ती अनवाणी पळायला? मग आणली कशाला? ती उठली आणि बाबांची वही काढली. प्रत्येक दृश्याला कुठलं पादत्राण, कुठली जमीन, हे ते बारीक अक्षरात टिपून ठेवायचे. अडलेल्या दृश्याच्या पानावर 'आई. फळ्या, ओल्या' एवढंच होतं, म्हणून तिनंही चप्पल गृहीत धरली होती. आधीची दृश्यं मंजूर होऊन गेली होती. ती पानं उघडायचं कारणच पडलं नव्हतं. आता तिनं ती एकेक करून उलटली. बोटीवर चढणाऱ्या गर्दीच्या पानाशी ती थांबली.

"काय आहे?" आईनं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. वाचताना मधे दोनदा थांबली.

"'गाठोडं घेतलेली बाई, फळीवरून चढते. हिला अक्काची चप्पल. टाच एका अंगानं झिजलेली, पुढे अंगठ्याचा ठसा खोल. ही बाई उजव्या पायानं किंचित लंगडत असणार. आईची नाही. आई मला कडेवर घेऊन पळाली, लंगडत्या पायानं ते झालं नसतं. कुणाची तरी आहे. तिला चढू दे. अक्काला विचारायचं नाही.'"

आत्यानं हात पुढे केला. थोरलीनं वही दिली. आत्यानं ती डोळ्यांपासून लांब धरली, आणि वाचण्याऐवजी त्या ओळीवर नुसता अंगठा ठेवला.

"कधीपासून ठाऊक होतं याला?"

"ब्याण्णव जोड हाताळलेला माणूस," आई म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळलं असेल."

"मेला बोलला नाही," आत्या म्हणाली. आई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचं एरवी फारसं पटायचं नाही.

"अक्का," थोड्या वेळानं काका म्हणाले, "पाटी बदलली तर?"

"काय लिहिशील?"

"जे दादानं लिहिलंय तेच. बोटीवरची एक बाई. उजव्या पायानं किंचित लंगडत असे. ओळख पटल्यास कळवावे." त्यांनी पाटी पुन्हा सरळ केली. "कुणी सांगावं? तिच्या घरातलं कुणी असेल अजून. माझ्यासारखं. नंतरचं."

आत्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अक्षर असंच काढ," ती म्हणाली. "निळी रेघ राहू दे."

सव्वापाच झाले होते.

थोरलीनं वही परत घेतली आणि शेवटचं पान पुन्हा बघितलं. 'आई. फळ्या, ओल्या.' कागद दिव्याकडे धरला तेव्हा मागच्या बाजूचं दिसलं. पेन्सिलीनं, फिकट. 'अनवाणी. कडेवर बारा किलो.' आणि त्याखाली, 'मुलीची पावलं बाकी. अक्का कधी आपणहून इथे आली, तर तिच्याकडून.'

कोपऱ्यात वाळूची एक कापडी पोटली होती. अकरा दिवस ती तिला लाथेनं बाजूला सारत होती. आता तिनं ती उचलली. बारा किलो असेल. म्हणून बाबा धापा टाकत होते. त्या आजारी फुप्फुसांनी, हे ओझं कडेवर घेऊन, चाळीस सेकंद, आणि कोण जाणे किती वेळा. दोन वर्षांच्या मुलाचं वजन.

तिनं पोटली कमरेला टेकवली. दुसरा हात आत्यापुढे धरला.

"मी?" आत्या म्हणाली. "अगं, गुडघे ऐकू येतील माझे."

"ते मी काढीन. श्वासच तेवढा निघत नाही."

"पळता येत नाही मला."

"जागच्या जागी. नुसतं वर-खाली. टाच टेकवू नकोस, लहान मुलं चवड्यावर पळतात."

"मला सांगतेस?" आत्यानं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली आणि चपला काढल्या.

काकांनी बादली आणली, खिशातला चपटा कुंचला काढला आणि पाटीवर पांढरा हात द्यावा तशा फळ्या एकसारख्या ओल्या केल्या. धाकटा यंत्रापाशी गेला, कसं चालतं ते त्याला येता-जाता कळलं होतं. आईनं दिवा मालवला. अंधारात आत्याचा हात थोरलीच्या हातात आला. लहान, कोरडा, घट्ट.

"हात सोडायचा तिथे मी खूण करू?" थोरलीनं विचारलं.

"नको. ते मला ठाऊक आहे."

पडद्यावर ती बाई आली. थोरली पळू लागली. पोटली कमरेत रुतली, श्वास आपोआप वर आला आणि तिनं तो तोंड मिटून आत दाबला. शेजारी दोन पावलं पडत होती. चुटचुटीत, अडखळती, मोठ्या पावलांच्या मागे धावत येणारी. एकदा ती घसरली आणि सावरली. ते चित्रात नव्हतं, पण चुकीचं वाटलं नाही. मग हात सुटला. मुलीची पावलं तिथेच थांबली. थोरलीनं आजीची आणखी तीन पावलं टाकली, कठड्यापर्यंत, आणि स्थिर उभी राहिली. कुणी हललं नाही. काका तर श्वाससुद्धा घेत नव्हते.

धाकट्यानं यंत्र बंद केलं.

आत्या अंधारातच फळीच्या कडेवर बसली होती. आईनं तिचे पाय पदरानं पुसले.

तुकडा पाठवून झाला तेव्हा सहाला पाच मिनिटं होती. काकांनी पाटी पालथी घालून खडूनं अक्षरांची आखणी सुरू केली होती, आणि आत्या शेजारी बसून 'किंचित' जरा लहान काढ म्हणून सांगत होती. फोन वाजला. थोरलीनं उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"लागलं बरोबर," मिक्सिंगवाला म्हणाला. "श्वास गेला, कुठे जोड दिसत नाही. आणि मुलीची पावलं फार छान आलीत हो. लहान मुलांकडून हे करून घेणं महाकठीण. कुठून आणलीत मुलगी?"

"घरातलीच आहे."

"किती वर्षांची?"

थोरलीनं आत्याकडे पाहिलं. आत्याचे अनवाणी पाय अजून जमिनीपासून वर, बोटं जुळवून, तसेच धरलेले होते.

"नऊ," ती म्हणाली.